घरातले एलईडी दिवे मंद कसे करावेत : जुन्या बल्बची सवय आणि नव्या दिव्याच्या अटी

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या इंदुरातल्या भागांत जुनी घरं दुरुस्त करून घेण्याचं काम सतत कुठे ना कुठे चालू असतं. पीओपीचं छत होतं, मॉड्युलर बोर्ड बसतात, सगळीकडे एलईडी लागतात. आणि मग एक तक्रार हमखास ऐकू येते. बैठकीच्या खोलीत पूर्वी गोल बटणाचा डिमर होता, संध्याकाळी बल्ब हवा तेवढा मंद व्हायचा. आता त्याच डिमरवर एलईडी लावला, तर अर्ध्या फेऱ्यापर्यंत काहीच फरक पडत नाही, पुढे दिवा फडफडतो आणि मग एकदम विझतो. दुकानदार डिमरला दोष देतो, वायरमन बल्बला. दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं असतं.

ज्यांनी आजवर डिमर कधी विकत घेतलेला नाही आणि विजेच्या कामाशी ज्यांचा फारसा संबंध आलेला नाही, अशांसाठी हे लिहीत आहे. बोर्ड उघडायचं काम वायरमनचंच. पण काय मागायचं, दुकानातच काय तपासायचं आणि वायरमनला काय सांगायचं, हे घरच्या माणसाला ठाऊक असलं की पैसे आणि चकरा दोन्ही वाचतात.

बल्ब मंद होतो तेव्हा नक्की काय होतं

जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापते आणि तापल्यामुळे उजेड देते. व्होल्टेज कमी झालं की तार कमी तापते, उजेड कमी होतो. बस, एवढंच. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडायचं आणि घरातले बल्ब आधी पिवळे, मग तांबूस दिसायचे, ते पुष्कळांना आठवत असेल. तेही डिमिंगच होतं, फक्त आपल्या हातात नव्हतं.

यातला हिशेब बघण्यासारखा आहे. बल्बचं व्होल्टेज निम्मं केलं तर उजेड निम्मा उरत नाही, साधारण दहावा हिस्सा उरतो. वीज मात्र तिसरा हिस्सा लागतच राहते. म्हणजे मंद केलेला बल्ब विजेच्या मानाने फारच थोडा उजेड देतो. फायदा होतो तो त्याच्या आयुष्याला. पूर्ण व्होल्टेजवर साधारण १००० तास टिकणारा बल्ब थोडा मंद ठेवला तरी कितीतरी जास्त टिकतो.

बल्बचा आणखी एक गुण डिमरच्या पथ्यावर पडायचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे एका सेकंदात १०० वेळा ती शून्यावर येऊन जाते. तापलेली तार तेवढ्या क्षणात गार होत नाही. म्हणून डिमरने विजेच्या प्रत्येक लहरीचा बराचसा भाग कापून टाकला तरी डोळ्यांना सलग, शांत उजेड दिसतो. घरगुती डिमर लहर कापूनच काम करतो, व्होल्टेज सावकाश खाली आणून नव्हे.

एलईडीचं सगळं निराळं. आतल्या चिपला एकाच दिशेने वाहणारा, मोजून दिलेला करंट लागतो. तो देण्यासाठी दिव्याच्या बुंध्यात एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बाहेर व्होल्टेज वर जावो की खाली, चिपला ठरलेलाच करंट मिळाला पाहिजे, हे त्या ड्रायव्हरचं काम. आपल्याकडच्या अनेक एलईडी बल्बच्या खोक्यांवर १०० ते ३०० व्होल्ट अशी लांबलचक रेंज छापलेली असते, ती याच्याच जोरावर. व्होल्टेज पडलं तरी एलईडी पिवळा पडत नाही, याचं आपण कौतुक करतो. आणि नेमका हाच गुण डिमरच्या आड येतो. डिमर वीज कापतो, ड्रायव्हर ती तूट भरून काढत राहतो. भरून काढणं जमेल तोवर उजेड जराही हलत नाही, जमेनासं झालं की फडफड सुरू होते, आणि शेवटी दिवा विझतो. दिवा बिघडलेला नसतो. त्याला जे करायला बनवलं, तेच तो करत असतो.

डिमेबल एलईडीचा ड्रायव्हर मुद्दाम वेगळा बनवलेला असतो. लहर किती कापली गेली हे तो ओळखतो आणि त्या मानाने चिपचा करंट कमी करतो. पण ओळखायचं तर डिमरने लहर स्वच्छ कापली पाहिजे, आणि डिमरला नीट चालायला पुरेसा लोड, म्हणजे त्यावरच्या दिव्यांचे एकूण वॅट, मिळाला पाहिजे. म्हणून दिवा, डिमर आणि वायरिंग या तिघांचा मेळ बसावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा मेळ बसवण्यासाठीच आहेत.

पायरी १ : मंद उजेड खरोखर कुठे हवा ते ठरवा

स्वयंपाकघर, मोरी, जिना, देव्हाऱ्यासमोरची पोथी वाचायची जागा, मुलांचं अभ्यासाचं टेबल, इथे डिमर नको. इथे भरपूर उजेड लागतो आणि तो कमी करायची वेळ येत नाही. डिमर शोभतो बैठकीत, जेवणाच्या टेबलावर, झोपायच्या खोलीत आणि घरात कुणी आजारी किंवा वयस्कर असेल तर त्यांच्या खोलीत.

या शेवटच्या खोलीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. आजी-आजोबा रात्री दोनदा-तीनदा उठतात. त्यांना मोठा दिवा मंद करून देण्यापेक्षा पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, जमिनीलगत, एक छोटा वेगळा दिवा देणं केव्हाही चांगलं. पूर्वी यासाठी झिरोचा बल्ब असे. नावाला झिरो, पण तो १२ ते १५ वॅट वीज खायचा. आज अर्ध्या ते एका वॅटचा एलईडी नाइट लॅम्प तेवढंच काम करतो आणि रात्रभर चालू राहिला तरी बिलात दिसत नाही. अंधारात डिमरचं बटण चाचपडत बसण्याची पाळी वयस्कर माणसावर येऊच नये.

बैठकीचंही असंच. कित्येक घरांना डिमरची गरजच नसते, दोन वेगळी बटणं पुरतात. एका बटणावर छतातले पांढरे दिवे, दुसऱ्यावर भिंतीवरचे किंवा कोपऱ्यातले दोन पिवळसर दिवे. पाहुणे आले की दोन्ही, जेवणानंतर गप्पा मारत बसलं की फक्त दुसरं. वायरिंग नव्याने होत असेल तर हा पर्याय आधी विचारात घ्या. स्वस्त आहे, बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि माझ्या मते दहातल्या सात-आठ घरांत याने काम भागतं.

पायरी २ : बोर्डावर आत्ता काय आहे ते पाहा

पंख्याचा रेग्युलेटर हा डिमर नाही. दोघांचं गोल बटण सारखंच दिसतं, म्हणून घोटाळा होतो. आजकालच्या पाच टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये बहुधा कपॅसिटर असतात, ते पंख्याच्या मोटरसाठी बसवलेले असतात. त्यावर एलईडी लावला तर दिवा लुकलुकतो, ड्रायव्हर तापतो आणि लवकर जातो. रिकाम्या रेग्युलेटरवर दिवा जोडून द्यायला कुणी सांगितलं, तर सरळ नको म्हणा.

जुना डिमर असेल तर त्यावर किंवा त्याच्या मागे छापलेले वॅटचे आकडे बघा. बल्बच्या काळातल्या डिमरला चालू राहण्यासाठी किमान काही लोड लागतो, बहुधा २५ ते ६० वॅटच्या दरम्यान. आता गणित करा. झुंबरात ६० वॅटचे तीन बल्ब होते, एकूण १८० वॅट. त्यांच्या जागी ९ वॅटचे तीन एलईडी आले, एकूण २७ वॅट. डिमरला किमान ४० वॅट हवे असतील, तर त्याच्या आतला स्विच प्रत्येक लहरीला धड चालूही राहत नाही आणि धड बंदही होत नाही. दिवे डिमेबल असले तरी फडफडतात.

वरच्या टोकाला दुसरी अडचण. जुन्या डिमरवर ४०० वॅट लिहिलेलं असतं ते तार असलेल्या बल्बसाठी. एलईडीचा ड्रायव्हर प्रत्येक लहरीच्या सुरुवातीला क्षणभर मोठा करंट ओढतो. म्हणून अशा डिमरवर एलईडीचा लोड छापलेल्या आकड्याच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंतच ठेवावा, असा ठोकताळा आहे. ४०० वॅटच्या डिमरवर ४० वॅट. म्हणजे खालून किमान लोड भरत नाही आणि वरून कमाल लोडची मर्यादा आडवी येते. जुना डिमर काढून टाका, त्यावर वेळ घालवू नका.

काही वायरमन एक युक्ती करतात. झुंबरातले सगळे दिवे एलईडी करतात आणि एक ४० वॅटचा जुना बल्ब तसाच ठेवतात. किमान लोड भरतो, दिवे शांत होतात. युक्ती चालते, पण एकटा तो बल्ब बाकी सगळ्या एलईडींपेक्षा जास्त वीज खातो. तात्पुरती सोय म्हणून ठीक, कायमची नको.

पायरी ३ : दिव्याचा खोका नीट वाचा

खोक्यावर ‘डिमेबल’ हा शब्द स्पष्ट छापलेला हवा. ‘नॉन-डिमेबल’ लिहिलेलं असेल किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर तो डिमरच्या बटणावर लावायचा नाही. डिमर कायम पूर्ण उजेडावरच ठेवू, असं म्हणूनसुद्धा लावू नका, कारण तेव्हाही लहरीचा थोडा भाग कापलेलाच असतो आणि साधा ड्रायव्हर त्याने तापू शकतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे घरोघरी आलेले दिवे उत्तम होते, पण ते साध्या बटणासाठी होते. घरात साठवलेल्या तसल्या दिव्यांवर डिमरचा प्रयोग करू नका.

यानंतर रंग. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, ४००० म्हणजे मधला, २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. मंद करायच्या दिव्यासाठी २७०० किंवा ३०००च घ्या, आणि याचं कारण समजून घ्या. तारेचा बल्ब मंद झाला की तार कमी तापते, म्हणून त्याचा उजेड आपोआप सोनेरी, मग तांबूस होतो. पांढऱ्या एलईडीत निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप त्या निळ्यातला काही भाग बदलून एकूण उजेड पांढरा करतो. करंट कमी केला तरी हे मिश्रण जवळजवळ तसंच राहतं. त्यामुळे ६५०० केल्विनचा दिवा मंद केला तर मिळतो तो मंद, निळसर, मरगळलेला उजेड. खोली शांत वाटण्याऐवजी ढगाळ वाटते. बल्बची ती संध्याकाळची ऊब हवी असलेल्यांची एलईडी डिमिंगबद्दलची निराशा बहुतेक वेळा फडफडीमुळे नसते, ती या रंगामुळे असते.

तसाच बल्बसारखा तांबूस होत जाणारा एलईडीही मिळतो, त्याला ‘वॉर्म डिम’ किंवा ‘डिम टू वॉर्म’ म्हणतात. त्यात दोन रंगांच्या चिपा असतात आणि मंद होता होता उजेड २००० केल्विनच्या आसपास उतरतो. महाग असतो आणि प्रत्येक दुकानात नसतो. पण जेवणाच्या टेबलावरचा एकच लटकता दिवा असेल, तर तेवढ्यापुरता खर्च करावा. फार सुंदर उजेड पडतो.

होल्डर कोणता आहे हेही बघून निघा. आपल्याकडे बहुतेक घरांत दोन खिळ्यांचा बी २२ असतो, झुंबरांत आणि लटकत्या दिव्यांत पेचाचा ई २७ किंवा बारीक ई १४. डिमेबल दिवे पेचाच्या होल्डरमध्ये अधिक सापडतात. खोक्यावर भारतीय मानक आयएस १६१०२ आणि त्याचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहा. नसेल तर भाव कितीही चांगला असो, खोका परत ठेवा.

पायरी ४ : डिमर निवडा

भिंतीवरचे डिमर मुख्यतः दोन जातींचे. एक जुना, ट्रायॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा, तो प्रत्येक लहरीची पुढची कड कापतो. लहर अर्ध्यावर असताना एकदम चालू होतो, म्हणून करंटचा धक्का बसतो आणि त्यातूनच दिव्याची किंवा डिमरची गुणगुण ऐकू येते. इंदुरातल्या मालवा हाउसमधल्या आकाशवाणीचे कार्यक्रम मीडियम वेव्हवर ऐकणाऱ्यांच्या रेडिओत असा डिमर चालू केला की घरघर यायची, तीही यामुळेच. दुसरा ‘ट्रेलिंग एज’, तो लहरीची मागची कड कापतो. शून्यापासून सावकाश चढू देतो आणि मध्येच बंद होतो, त्यामुळे धक्का कमी, आवाज कमी, आणि किमान लोडही थोडा पुरतो. घरच्या एलईडीसाठी हाच बहुधा चांगला. दिव्याच्या कंपनीने मात्र पुढची कड कापणाराच डिमर वापरा असं सांगितलं असेल, तर तिचं ऐका.

डिमरवर एलईडीसाठीचा वॅटचा आकडा वेगळा छापलेला असावा, उदाहरणार्थ ५ ते १०० वॅट. नुसताच ४०० वॅट लिहिलेला असेल तर तो जुन्या जातीचा समजा. खालची मर्यादा ठरवायला छोटा पेच किंवा सेटिंग असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही, त्याचा उपयोग पुढे सांगतो. मॉड्युलर बोर्डात डिमर एका किंवा दोन मॉड्युलची जागा घेतो. घरातल्या प्लेटच्या कंपनीचाच डिमर घ्यावा लागतो, दुसऱ्या कंपनीचा खाचेत बसत नाही. म्हणून निघण्याआधी बोर्डाचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या.

पायरी ५ : महाराणी रोडवर जा, आणि आधी एकच संच आणा

इंदुरात विजेच्या सामानासाठी महाराणी रोडसारखी जागा नाही. पण तिथे गर्दीत, घाईत खरेदी होते आणि ‘सब चलता है’ हे उत्तर फार सहज मिळतं. म्हणून काउंटरवर स्पष्ट सांगा: ‘भैया, डिमेबल एलईडी चाहिए और उसके साथ चलने वाला डिमर। दोनों यहीं जोड़कर दिखा दीजिए।’ बहुतेक दुकानांत तपासायला बोर्ड असतो. सकाळी दुकान उघडल्यानंतरच्या तासाभरात गेलात तर दुकानदार शांतपणे दाखवतो.

तपासताना घरात जितके दिवे एका डिमरवर लावणार आहात, तितकेच जोडायला सांगा. एक दिवा नीट चालतो आणि सहा चालत नाहीत, किंवा सहा चालतात आणि एक फडफडतो, दोन्ही होतं. मग डिमर पूर्णावरून हळूहळू खाली आणा. कुठे उडी बसते का? शेवटच्या टोकाला दिवा तेवत राहतो की विझतो? तिथेच बंद करून पुन्हा चालू करा, दिवा लगेच लागतो का? कान जवळ नेऊन आवाज ऐका. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून दिव्याखाली पेन हलवा आणि चित्रीकरण बघा. पेनाच्या तुटक तुटक प्रतिमा आणि दिव्याचं जोरात लपलपणं दिसलं, तर तो उजेड डोळ्यांना साधा दिसला तरी दीर्घकाळ बसायला त्रासदायक ठरू शकतो. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांच्या घरी ही चाचणी चुकवू नये.

सहा दिव्यांची गरज असेल तरी दुकानात जमलेला संच आधी एका खोलीपुरता आणा, पावती जपा आणि घरी दोन-तीन रात्री बघा. नंतर बाकीचे आणा.

पायरी ६ : वायरमनकडून बसवून घेताना

एमसीबी (वीज तोडणारा मुख्य स्विच) खाली, टेस्टरने खात्री, आणि मगच बोर्डाला हात. हे वायरमनला माहीत असतं, तरी घाईत एमसीबी न पाडता काम करणारे असतात. तुम्ही स्वतः जाऊन एमसीबी पाडा.

डिमर फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या वायरवर, दिव्याच्या आधी बसतो. जुन्या घरांत, विशेषतः लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये, बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, असलेलं सापडतं. तारेच्या बल्बला त्याने काही बिघडत नसे, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नसे. एलईडी लावला की बटण बंद असतानाही दिवा रात्री अंधूक तेवताना दिसतो. बटणातल्या लाल इंडिकेटरमधून झिरपणाऱ्या बारीक करंटनेही असंच होतं. एवढ्याशा करंटने तार तापत नाही, पण एलईडीला तो पुरतो. बटण न्यूट्रलवर असेल तर फेजवर आणून घ्या, कारण दिवा बदलताना शॉक बसण्याचा धोका त्यात खराखुरा आहे. इंडिकेटरमुळे होत असेल तर इंडिकेटर नसलेलं बटण बसवा, किंवा दिव्याच्या टोकांशी लावायचा छोटा स्नबर मिळतो तो वायरमनकडून लावून घ्या.

एकाच बोर्डात दोन डिमर असतील तर शेजारी शेजारी लावू नका, मध्ये एक साधं बटण असू द्या. चालू डिमर कोमट होतो, ते ठीक. हात ठेववत नसेल इतका तापला तर लोड जास्त आहे किंवा मेळ चुकला आहे. डिमर शून्यावर आणला म्हणजे दिव्याची वीज तुटली असं समजून दिवा काढू-बसवू नका. त्यासाठी एमसीबीच पाडायचा.

पायरी ७ : खालची मर्यादा लावा

डिमरचं बटण पूर्ण खाली आणा आणि त्याच्या छोट्या पेचाने उजेड इतका वर घ्या की सगळे दिवे स्थिर तेवत राहतील आणि बंद करून चालू केल्यावर एकदम लागतील. हे काम रात्री करा, दिवसा अंदाज येत नाही.

खोक्यावर ‘१० टक्क्यांपर्यंत मंद’ असं वाचून आनंद झाला असेल, तर एक लक्षात घ्या. डोळा उजेड सरळ मोजत नाही. मोजमापाने १० टक्के असलेला उजेड डोळ्यांना जवळपास ३० टक्क्यांसारखा वाटतो. जुन्या बल्बसारखा अगदी मिणमिणता उजेड हवा असेल तर १ टक्क्यापर्यंत उतरणारा दिवा आणि त्याला साजेसा डिमर शोधावा लागेल. बैठकीला १० टक्के पुरतात, झोपायच्या खोलीला पुरत नाहीत.

छतातल्या पट्ट्या, पॅनल आणि मोबाइलवरचे दिवे

पीओपीच्या खाचेत लावलेली एलईडीची पट्टी १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालते. तिच्या साध्या अडॉप्टरच्या आधी भिंतीवरचा डिमर बसवू नका. पट्टीसाठी अडॉप्टर आणि पट्टी यांच्या मध्ये बसणारा वेगळा, रिमोटवाला डिमर मिळतो. तो पट्टी फार वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतो आणि अगदी तळापर्यंत छान उतरतो. घरात खऱ्या अर्थाने मंद उजेड हवा असेल तर हा मार्ग सगळ्यात सोपा. महालक्ष्म्यांच्या आणि गणपतीच्या आरासीसाठीही हीच पट्टी वापरा. बाजारातल्या दिव्यांच्या झालरी भिंतीच्या डिमरवर लावायच्या नसतात.

छतातल्या गोल पॅनलचा ड्रायव्हर वेगळ्या डबीत असतो. कधी कधी पॅनल तेच ठेवून फक्त डबी बदलून डिमेबल घेता येते, पण करंटचा आकडा तोच आणि व्होल्टेजची रेंज पॅनलला बसणारी हवी. बटण दोनदा दाबलं की उजेड कमी होणारे टप्प्यांचे दिवेही मिळतात. त्यांना डिमर लागतच नाही, जुनं साधं बटण पुरतं, म्हणून भाड्याच्या घरासाठी मी तेच सुचवेन. खरेदी करताना तीन उजेडांचा दिवा आणि तीन रंगांचा दिवा यांत गल्लत होऊ देऊ नका, दिसायला खोके सारखेच असतात. मोबाइलवरून चालणारा दिवा साध्या बटणावर लावा, डिमरवर कधीच नाही, आणि ते बटण चालूच ठेवा.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणारा) आहे की स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहर देणारा), हे बघा. स्क्वेअर वेव्हवर लहर कापणारे डिमर बऱ्याचदा वेडेवाकडे वागतात. अशा घरी डिमरवरचे दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नयेत.

विजेच्या बिलाचं काय

६० वॅटचा बल्ब रोज चार तास, महिनाभर लावला तर ७.२ युनिट. त्याच उजेडाचा ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर सुमारे १.१ युनिट. खरी बचत इथेच झाली. एलईडी निम्म्यावर आणला तर वीजही जवळजवळ निम्मी होते, बल्बपेक्षा हा व्यवहार फारच सरस. पण १.१ युनिटमधलं निम्मं म्हणजे किती, हे बघता बिल वाचवण्यासाठी डिमर घेऊ नये. डोळ्यांच्या आणि मनाच्या सुखासाठी घ्यावा, आणि त्यासाठी तो पुरेपूर वसूल होतो.

दिवा पुढे कधी गेला तर

एका डिमरवरचे सगळे दिवे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे ठेवा. वेगळ्या मॉडेलचा एक दिवा मध्ये घुसला की तो इतरांआधी विझतो किंवा उरलेल्यांपेक्षा उजळ राहतो, आणि मंद केलेल्या खोलीत हा फरक लगेच डोळ्यांत खुपतो. मॉडेल वर्षा-दोन वर्षांत बाजारातून जातात. म्हणून चार लावायचे असतील तर पाच घ्या, आणि दिव्याचं व डिमरचं मॉडेल एका चिठ्ठीवर लिहून एमसीबीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी येणारा वायरमन तिथेच बघणार आहे.